मॅपिंग रूममध्ये ऐकू येतं, मग रिक्षात का नाही?

मागच्या अंकात कॉक्लिअर इम्प्लांटवर, म्हणजे अजिबात ऐकू न येणाऱ्यांच्या कानात ऑपरेशननं बसवायच्या यंत्रावर, लिहिताना मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं, की अमेरिकेतल्या एका लॅबमध्ये इम्प्लांटचा प्रोसेसर म्हणून आपल्या खिशातल्यासारखा साधा फोन वापरून प्रयोग करतात. त्या एका वाक्यावर सगळ्यात जास्त पत्रं आली. त्यातली पाच इथं घेतलीत, थोडी कापलीत आणि नावं काढलीत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, दोन वर्षांची असताना सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं. आता मशीनची वॉरंटी संपलीय आणि नवीन प्रोसेसरचा आकडा ऐकून झोप उडालीय. तुम्ही लिहिलंत फोनवर चालतं, मग घरात जुना अँड्रॉइड पडलाय त्यावर ते ॲप टाकून कॉइल जोडली तर चालेल का? (एक आई, नाशिक)

ताई, नाही चालणार, आणि कुणी असं करून देतो म्हणालं तर त्याच्यापासून लांब राहा.

तुमच्या लेकीच्या कानामागं जे दिसतं तो प्रोसेसर, त्यात माइक आहे, आवाजाची फोड करणारी चिप आहे आणि केसांत मॅग्नेटनं चिकटलेली गोल कॉइल आहे. कातडीखाली जे बसवलंय त्याला स्वतःची बॅटरीच नाही, त्याला लागणारी वीज पण त्या कॉइलमधूनच रेडिओ लहरींनी आत जाते आणि अमुक नंबरच्या इलेक्ट्रोडवर (आतल्या कानात सरकवलेल्या तारेवरचे बारीक ठिपके म्हणजे इलेक्ट्रोड) एवढा करंट सोड हा हुकूम पण त्याच लहरींवर बसून जातो, सेकंदाला हजारो वेळा. ही हुकमाची भाषा प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि फोनच्या ब्लूटूथला ती येत नाही. म्हणून लॅबमध्ये फोन कधी एकटा नसतो, फोन आणि कॉइलच्या मध्ये एक खास बोर्ड असतो, फोन आवाजाची फोड करतो आणि बोर्ड त्याचे हुकूम बनवून कॉइलला देतो. तो बोर्ड बाजारात मिळत नाही, फक्त रिसर्चसाठी आहे, परवानग्या घेऊन आणि जाणकार माणूस शेजारी बसवून वापरायचा. तुमच्या लेकीच्या मॅपमध्ये, म्हणजे ऑडिओलॉजिस्टनं तिच्यापुरत्या बसवलेल्या सेटिंगमध्ये, प्रत्येक इलेक्ट्रोडचे दोन आकडे असतात, कमीत कमी किती करंटला तिला आवाज जाणवतो आणि जास्तीत जास्त किती करंट तिला सोसतो. ह्यातला वरचा आकडा चुकला तर तो भलत्या मोठ्या आवाजासारखा थेट नसेवर बसतो, आणि अशा वेळी छोटं मूल कॉइल उपटून फेकतं आणि मग महिनोन्‌महिने मशीन घालायला बघत नाही.

पैशांचं म्हणाल तर वॉरंटी संपली म्हणजे मशीन संपलं असं नाही. आवाज तुटतोय, कधी येतो कधी जातो असं असेल तर आधी केबल आणि कॉइल बदलून बघा, बऱ्याचदा बिघाड तिथंच असतो. जिथं मॅपिंग करता तिथं लेकीचा आहे तो प्रोसेसर तपासून घ्या. आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, केंद्राच्या एडिप योजनेतली (दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी योजना) इम्प्लांटची कामं त्यांच्यामार्फत होतात, तुमच्या कागदपत्रांची फाइल घेऊन तिथं एकदा विचारा.

पण तुमच्या प्रश्नावरून मला जे सांगावंसं वाटतं ते वेगळंच आहे. हे फोनवरचं काम मुळात कशासाठी चाललंय ते. माझ्या भाच्याला पण इम्प्लांट आहे. मॅपिंगला नेलं की दार बंद, एसी बंद, ऑडिओलॉजिस्ट तोंडापुढं कापड लावलेली गोल चौकट धरून आ, ई, ऊ, श, स, म म्हणते, हा सहाच्या सहा बरोबर सांगतो आणि आम्ही सगळे खूश होऊन घरी येतो. घरी बहिणीनं चटणीसाठी मिक्सर लावला आणि त्याच्या मागून दोन हातांवरून विचारलं, दूध घेतोस का रे, तर हा मान खाली घालून फरशीवर गाडी फिरवतोय. तिनं परत विचारलं, परत नाही. मिक्सर बंद केला तेव्हा तो आपणहून वळला आणि म्हणाला, काय म्हणालीस? म्हणजे आई काहीतरी बोलतेय एवढं त्याला कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं, आणि ते कळावं म्हणून तो मिक्सर थांबायची वाट बघत बसला होता. मला ते बघून फार वाईट वाटलं आणि तेव्हापासून ह्या विषयात माझा जीव अडकलाय. बंद खोलीत ऐकू येणं आणि घरात, वर्गात, रिक्षात ऐकू येणं ह्यात केवढं तरी अंतर आहे, आणि लॅबमध्ये टेबलाला खिळलेल्या कॉम्प्युटरवर संशोधन केलं तर हे अंतर कधी दिसतच नाही.

प्रश्न : मॅडम, वय ६८. भजनी मंडळात तीस वर्षं पेटी वाजवली. साठीला कान पूर्ण गेले, मग इम्प्लांट केलं. आता माणसं बोललेलं कळतंय, लेकीशी फोनवर पण बोलतो. पण पेटी लावली की नुसता गोंगाट. टाळ कळतो, ठेका कळतो, सूर काय कळत नाही. एवढ्या मोठ्या कंपन्या आहेत त्यांना हे जमत नाही व्हय? आणि त्यांना जमत नसंल तर कॉलेजातल्या पोरांनी फोन घेऊन काय होणार? (एक वाचक, कोल्हापूर)

काका, ठेका कळतो आणि सूर कळत नाही हे तुम्ही लिहिलंत तेच ह्या मशीनचं नेमकं वर्णन आहे. चांगल्या कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात, त्यांच्या जागी तुमच्याकडं फार तर बावीस इलेक्ट्रोड, आणि ते पण एकमेकांना चिकटून, पाण्यात बसवल्यासारखे, त्यामुळं एकावर सोडलेला करंट शेजारच्यापर्यंत पसरतो आणि प्रत्यक्षात आठ-दहाच वेगळ्या वाटा उरतात. शिवाय प्रोसेसर आवाज जाड ते बारीक अशा पट्ट्यांत वाटतो (पेटीच्या पट्ट्या नव्हेत), प्रत्येक पट्टीतल्या आवाजाच्या जोराचा फक्त चढ-उतार ठेवतो आणि आतली बारीक थरथर टाकून देतो. बोलणं समजायला चढ-उतार पुरतो, ठेक्याला पण पुरतो, सुराला मात्र ती थरथरच लागते. म्हणून टाळ येतो आणि पेटी हरवते. ह्यात तुमच्या कानाचा किंवा तुमच्या रियाजाचा काही दोष नाही.

आता कंपनीचं. कंपन्यांनी खूप केलंय, ते मान्यच करायला पाहिजे. पण तुमच्या कानामागचा प्रोसेसर ही बंद डबी आहे, त्यात आवाजाची फोड कुठल्या पद्धतीनं करायची हे बाहेरच्या माणसाला बदलता येत नाही, ऑडिओलॉजिस्टला पण फक्त आकडे वरखाली करता येतात. आणि ह्या क्षेत्रातली एक मोठी उडी बाहेरूनच आली होती. १९९१ साली ब्लेक विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमधून एक पद्धत मांडली, की सगळ्या इलेक्ट्रोडवर एकदम करंट सोडू नका, एकामागं एक, पटापट, ओळीनं सोडा म्हणजे ते एकमेकांत मिसळणार नाहीत. ऐकायला एवढीशी गोष्ट, पण त्यावर लोकांचं बोलणं समजणं इतकं सुधारलं की आजच्या बहुतेक पद्धतींची मुळं त्यात सापडतात. विल्सन, मेलबर्नचे ग्रॅम क्लार्क आणि ऑस्ट्रियाच्या इंगेबोर्ग होखमायर ह्या तिघांना २०१३ साली लास्कर पुरस्कार मिळाला तो ह्या आधुनिक इम्प्लांटसाठीच.

मग बाहेरच्या माणसानं नवी कल्पना करून बघायची कशी? लॅबमध्ये कॉम्प्युटरला जोडायच्या पेट्या होत्या आणि आहेत, त्यांवर चांगलं काम झालं. मेलबर्नमध्ये स्पिअर नावाचा कमरेला लावायचा रिसर्च प्रोसेसर पण बनवला होता, पण त्यात नवी पद्धत टाकायची तर चिपची असेंब्ली भाषा लिहावी लागायची, आणि ज्याला कान कळतो त्याला असेंब्ली येत नाही आणि ज्याला असेंब्ली येते त्याला कान कळत नाही, अशी कितीतरी कामं तिथंच अडली असणार.

इथं फिलिपोस लोइझू हे नाव सांगायलाच पाहिजे. मूळचे सायप्रसचे, टेक्सासमधल्या यूटी डॅलस विद्यापीठात प्रोफेसर. त्यांनी ठरवलं की लोकांच्या हातात आहे तेच यंत्र वापरायचं. तेव्हा स्मार्टफोन आजच्यासारखे नव्हते, पीडीए असायचे, स्टायलसनं लिहायचे, तुमच्या लेकीच्या ऑफिसातल्या साहेबाकडं बघितला असेल. तर एचपीचा आयपॅक घेतला, ६२४ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, त्याच्या कार्डच्या खाचेत बसेल असा बोर्ड बनवला, बोर्डातून केबल न्यूक्लिअस फ्रीडम ह्या बाजारातल्या मशीनच्या कानामागच्या माइक-कॉइलला. त्या पीडीएच्या चिपला दशांश अपूर्णांकांचं गणित हार्डवेअरमध्ये येत नव्हतं, मग सगळी गणितं पूर्णांकांत बसवली म्हणजे वेळेत होतील. आणि प्रोग्राम सी भाषेत, म्हणजे कुठल्याही इंजिनिअरला हात घालता येईल असा. लोइझू २०१२ मध्ये अचानक गेले, पन्नाशी पण झाली नव्हती. त्यांच्या विद्यार्थ्यांनी, हुसनैन अली आणि इतरांनी, काम पुढं नेलं, त्या पीडीएवरचा सविस्तर पेपर २०१३ मध्ये आला तेव्हा गुरू नव्हते. मग त्याच विद्यापीठात जॉन हॅन्सन ह्यांच्या लॅबमध्ये त्याची पुढची पिढी आली, सीसीआय-मोबाइल, ती अँड्रॉइड फोनवर किंवा लॅपटॉपवर चालते.

काका, पोरं फोन घेऊन काय करणार त्याचं उत्तर तुमच्याच गावच्या चपलेत आहे. नवी कोल्हापुरी पहिले पंधरा दिवस चावते की नाही, मग पायाची होते. तुम्ही आठ वर्षं एकाच पद्धतीनं ऐकताय, तुमच्या मेंदूनं त्याच्याशी जुळवून घेतलंय. उद्या मी तुम्हाला लॅबमध्ये बोलावून सुरासाठी बनवलेली नवी पद्धत तासभर ऐकवली आणि विचारलं कुठली बरी, तर तुम्ही जुनीच म्हणणार, आणि मी लिहून टाकणार की नवी फेल गेली. किती चांगल्या कल्पना अशा तासाभरात मेल्या असतील. पेटीवाल्या माणसाला नवी पद्धत घरी न्यायला मिळाली पाहिजे, महिनाभर रोज सकाळी पेटी काढून सा लावून बघता आला पाहिजे, तेव्हा खरं कळेल. त्यासाठी मशीन खिशात मावणारं आणि बॅटरीवर दिवसभर टिकणारं पाहिजे, आणि ह्या लोकांची धडपड त्यासाठीच आहे. सुराचा प्रश्न सुटला असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण तोवर पेटी बंद करू नका, एकेकच स्वर, हळू, ओळखीचं भजन, शब्द पाठ असलेलं, ह्यानं बऱ्याच जणांना थोडंथोडं परत जुळतं.

प्रश्न : नमस्कार, आम्ही प्लेनो, टेक्सासला राहतो. बायकोला दोन्ही कानांना इम्प्लांट आहे. इथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमधून रिसर्च स्टडीत भाग घ्याल का म्हणून विचारणा झालीय, त्यांचं मशीन घालून काही टेस्ट करायच्यात. ती उत्सुक आहे, मला भीती वाटतेय, फोनचं ॲप हँग झालं आणि कानात शॉक बसला तर? (एक वाचक)

भीती वाटणं बरोबर आहे आणि ती लॅबला मोकळेपणानं सांगा. पण आत कसं चालतं ते कळलं की निम्मी भीती जाईल असं वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोन हा बेभरवशाचा कामगार आहे, मध्येच कॉल येतो, मध्येच व्हॉट्सॲप जागं होतं, मायक्रोसेकंदाचा नेम त्याच्याकडून होणार नाही. म्हणून ही कामं वाटून दिलीत. फोन आवाजाचे ८ मिलिसेकंदाचे तुकडे घेतो, प्रत्येक तुकड्यात कुठल्या पट्ट्यांत जोर आहे ते काढतो आणि इलेक्ट्रोडचे नंबर आणि करंटचे आकडे अशी यादी बोर्डाकडं ढकलतो. नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक इलेक्ट्रोडला सेकंदाला करंटचे ९०० ठोके आणि एका फेरीत आठ इलेक्ट्रोड धरले तर सेकंदाला ७२०० ठोके होतात, म्हणजे ८ मिलिसेकंदाच्या एका तुकड्यात सत्तावन्न-अठ्ठावन्न. ते नेमक्या वेळी सोडायचं काम बोर्डावरच्या एफपीजीए चिपचं, तिला दुसरं कामच नाही. फोनकडून यादी आली नाही तर सोडायला काही नसतं, म्हणजे फोन हँग झाला तर शांतता होते.

करंटवर पण एकाहून जास्त कुलुपं असतात. तुमच्या बायकोच्या मॅपमधला वरचा आकडा हीच प्रोग्रामची कमाल मर्यादा, त्याच्या पलीकडचा आकडा आलाच तर तो तिथंच कापला जातो. प्रत्येक ठोका दोन उलट्या दिशांचा असतो, जेवढा भार दिला तेवढाच परत घेतला, म्हणजे टिश्यूत भार साठत नाही, आणि ही काळजी आतल्या इम्प्लांटमध्ये पण घेतलेली असते. यंत्र बॅटरीवर चालतं, भिंतीतल्या प्लगला जोडलेलं नसतं. आणि नवा प्रोग्राम माणसाला लावायच्या आधी लॅबवाले तो डबीत ठेवलेल्या नमुना इम्प्लांटवर चालवून ऑसिलोस्कोपवर ठोके बघतात. अमेरिकेत अशा उपकरणाला माणसांवर वापरायच्या आधी एफडीएची वेगळी सूट-परवानगी लागते आणि विद्यापीठाच्या आयआरबीची, म्हणजे माणसांवरचे प्रयोग तपासणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. रिचर्डसनची यूटी डॅलस तुमच्या शेजारीच, हे काम तिथं वर्षानुवर्षं चाललंय. पण लॅब कुठलीही असो, संमतीपत्र दोघांनी पूर्ण वाचा, आणि विचारा की कमाल मर्यादा कोण टाकतं, आवाज त्रासदायक झाला तर कॉइल तिनं स्वतः काढली तर चालेल ना (चालायलाच पाहिजे, तिला तसं आधीच सांगून ठेवा), तिचा स्वतःचा प्रोसेसर हातापाशी असेल ना, आणि मधूनच नको म्हटलं तर चालेल ना.

आता ती उत्सुक का आहे ते मी ओळखू शकते. दोन इम्प्लांट असलेल्या माणसांचं दोन कानांचं एक मोठं दुःख आहे. गाडी डावीकडून आली तर तिचा आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्यात जास्तीत जास्त ६००-७०० मायक्रोसेकंद उशिरा, आणि एवढ्याशा फरकावर चांगला कान दिशा सांगतो. पण बाजारातले दोन प्रोसेसर सहसा आपापल्या घड्याळावर चालतात, डाव्याला उजव्याचा पत्ता नाही, मग तो फरक वाटेतच विस्कटतो आणि दिशा ओळखायची ती फक्त कुठल्या बाजूला आवाज मोठा ह्यावरून. सीसीआय-मोबाइलसारख्या यंत्रात दोन्ही कानांना एकच बोर्ड, एकच घड्याळ. दोन्ही कान खरोखर एका तालात आले तर काय होतं हे बघायचं तर असंच यंत्र लागतं, आणि ते बघायला दोन इम्प्लांटवाली, चार तास बसायची तयारी असलेली माणसं लागतात, ती फार थोडी असतात. तुमची बायको जाणार असेल तर तिला माझ्याकडून मनापासून धन्यवाद सांगा.

प्रश्न : माझ्या मुलाचं मशीन ब्लूटूथनं आयफोनला जोडतं, त्यावर तो यूट्यूब ऐकतो. म्हणजे आमच्याकडं हे आधीच आहे ना? (ठाणे)

नाही, ते वेगळं. तिथं फोन फक्त आवाज पुरवतो, फोड प्रोसेसरच करतो. २०१७ मध्ये न्यूक्लिअस ७ हा प्रोसेसर आला तेव्हापासून आयफोनवरून थेट आवाज घ्यायची सोय आली आणि ती खूप उपयोगी आहे, ऑनलाइन क्लासला तर नक्की वापरा. रिसर्चच्या यंत्रात उलटं असतं, माइक कानापाशी आणि मेंदू फोनमध्ये.

प्रश्न : मॅम, मी सांगलीत बीई ईअँडटीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागचा लेख वाचून ह्यावर प्रोजेक्ट करायचं डोक्यात बसलंय. पण माझ्याकडे इम्प्लांट नाही, पेशंट नाही, बजेट नाही. लॅपटॉप आहे, अँड्रॉइड फोन आहे. सर म्हणतात दुसरं काहीतरी घे. काय करू?

दुसरं काही घेऊ नकोस. लॅपटॉप आणि फोन एवढ्यावर खरं काम होतं, आणि ते मराठीत कुणीतरी करायलाच पाहिजे.

तुला व्होकोडर बनवायचाय, म्हणजे इम्प्लांट आवाजाचं जे करतो ते करून नॉर्मल कानाच्या माणसाला हेडफोनवर ऐकवायचं. १६ किलोहर्ट्झला आवाज घे, १२८ सॅम्पलचा तुकडा म्हणजे बरोबर ८ मिलिसेकंद, पण पुढचा तुकडा सरकवताना थोडाच सरकव म्हणजे एकावर एक चढत जातील. त्याचं एफएफटी (आवाजात कुठल्या कंपनसंख्येचा किती जोर आहे ते काढायचं गणित) काढलं की १२५ हर्ट्झच्या पायऱ्या मिळतील, त्या २२ पट्ट्यांत वाटून टाक, खालच्या पट्ट्यांना एकेक पायरी आणि वर जाशील तशा जास्त. दर वेळी सगळ्यात जोरदार आठ पट्ट्या ठेव, बाकीच्या शून्य. मग प्रत्येक पट्टीत मूळ आवाजाऐवजी तेवढ्याच रुंदीचा खरखराट घाल आणि त्याला मूळचा चढ-उतार दे. सगळं मिळवून ऐक. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा कुणीतरी पावसात पत्र्याखाली कुजबुजतंय असं वाटेल आणि मग दहाव्या वाक्याला एकदम शब्द सुटे व्हायला लागतील, तो क्षण मला अजून आठवतो. पट्ट्यांची संख्या बदलून बघ. १९९५ साली रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शांत खोलीत तीन-चार पट्ट्यांवर पण माणसं वाक्यं ओळखतात. शांत खोलीत, हे लक्षात ठेव, गोंगाट मिसळला की चारानं काही होत नाही.

आता मराठीचं. ह्या विषयातल्या कितीतरी चाचण्या इंग्रजी शब्दांवर बांधल्यात. आपल्याकडे काळ आणि काल, मण आणि मन, टाळ आणि ताल, गर आणि घर. मी हे शब्द चार पट्ट्यांतून काढून आईला ऐकवले, ती स्वयंपाकघरात गवार मोडत होती, एका कानाला हेडफोन धरून. गर आणि घर तिनं बऱ्यापैकी वेगळे काढले, कारण घ मागचा श्वास वेळेत दिसतो आणि चढ-उतारात टिकतो. पण काळ लावलं तरी काल म्हणाली, काल लावलं तरी काल, आणि मण तर तिला मिळालाच नाही. जीभ कुठं टेकली हे पट्ट्यांच्या बारकाव्यात असतं आणि तोच बारकावा गेलेला असतो. एका आईवरून काही सिद्ध होत नाही. पण तुझ्या वर्गात साठ पोरं आहेत, प्रत्येकाला चाळीस शब्द ऐकव, कुठला कशाशी गोंधळतो ह्याचा तक्ता काढ, चार पट्ट्या, आठ, बावीस, शांततेत आणि गोंगाटात, आणि तुझ्या हातात असं काही असेल जे स्पीच थेरपी देणाऱ्या बाईला उद्या उपयोगी पडेल, ळ आणि ण वर आधीपासून जास्त मेहनत घ्यायची का ते ठरवायला.

लॅपटॉपवर नीट चाललं की फोनवर आण. खरी परीक्षा तिथं आहे, कारण फाइल घेऊन सावकाश गणित करणं वेगळं आणि माइकमध्ये आवाज येत असताना दर तुकडा वेळेत संपवणं वेगळं. एकदा जरी उशीर झाला तरी कटकट ऐकू येते. अँड्रॉइडमध्ये माइकपासून हेडफोनपर्यंतचा उशीर मॉडेलगणिक बदलतो, तो मोजून लिही, ते मोजमाप पण प्रोजेक्टचा भागच आहे. आणि वायरचा हेडफोन वापर, ब्लूटूथनं उशीर आणखी वाढतो. सरांना सांग की आयआयटी मुंबईत प्रा. पी. सी. पांडे ह्यांच्या लॅबनं स्मार्टफोनवर चालणारं हिअरिंग एडचं ॲप बनवून पेपर काढलेत, म्हणजे हा विषय आपल्या राज्यातच झालेला आहे. पुढं पैसे जमले तर टिम्पन नावाचं उघडं हिअरिंग एड किट आहे, टीन्सी बोर्डवर चालतं, आर्डुइनोसारखं प्रोग्राम करता येतं. सॅन डिएगोच्या विद्यापीठाचा ओपन स्पीच प्लॅटफॉर्म पण बघून ठेव. ह्या दोन्ही हिअरिंग एडच्या गोष्टी आहेत, इम्प्लांटच्या नाहीत, पण घरी नेता येईल असं उघडं यंत्र कसं बांधायचं ते शिकायला मिळतं.

एक गोष्ट मात्र शपथेवर. हे सगळं हेडफोनपर्यंतच. ओळखीतल्या कुणाला इम्प्लांट आहे म्हणून त्याच्या कॉइलला हात लावायचा नाही. आणि रिपोर्टमध्ये स्पष्ट लिही की व्होकोडर ऐकणारा नॉर्मल माणूस म्हणजे इम्प्लांटवाला नव्हे, तुझी पोरं लहानपणापासून चांगलं ऐकत आलीत, त्यांना शब्द ठाऊक आहेत, दोन वर्षांच्या मुलीला नाहीत.

गोंगाट कुठला मिसळायचा विचारशील तर नेटवर मिळणारा परदेशी कॅफेटेरियाचा आवाज घेऊ नकोस. मिक्सर, कुकर, पंखा लावलेला पाचवीचा वर्ग, एसटी स्टँडवरची घोषणा, रिक्षा चालू असताना मागच्या सीटवरून, असं स्वतः रेकॉर्ड कर, माइक दीड मीटरवर आणि मुलाच्या कानाच्या उंचीला धरून, म्हणजे जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, आपल्या उंचीला नव्हे. बहिणीच्या घरच्या मिक्सरचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे, संपादकांकडं तुझा ईमेल देऊन ठेव, पाठवते.